काठापर्यंत सारवलेली प्लेट

डोंगराच्या पायथ्याशी एक संशोधनसंस्था होती आणि त्या संस्थेत एक वयोवृद्ध शास्त्रज्ञ होत्या. त्यांचे विद्यार्थी देशभर मोठमोठ्या पदांवर होते. पण त्यांना नावाने कोणी हाक मारीत नसे. सारे नुसते ‘बाई’ म्हणत. हर्षदा टिळेकर ही बाईंची शेवटची विद्यार्थिनी.

हर्षदा तालमीच्या घरातली. वडील गावचे वस्ताद. पैलवान घडवण्यात त्यांची हयात गेली. लेकीने मात्र निवडले ते गोलकृमी. मातीत राहणारे, पारदर्शक, स्वल्पविरामाएवढे जीव. या कृमींचे अन्न म्हणजे जिवाणू. पण काही जिवाणू असे घातक, की खाणाऱ्याच्याच पोटात ठाण मांडतात आणि त्याचा जीव घेतात. ते खाऊन साधे कृमी थोड्याच दिवसांत मरून जात. हर्षदाने जपलेला एक वाण मात्र तगून राही. प्रयोगाच्या उथळ, गोल प्लेटमध्ये त्यांना वाढवीत; शेजारच्या प्लेटमध्ये मेलेल्या कृमींचा खच पडलेला असे आणि हिचे कृमी खुशाल वळवळत असत.

यामागचे कारण शोधायला तिला काही वर्षे लागली. ते एका जनुकातल्या लहानशा बदलात दडलेले होते. तो बदल असला की कृमी तगतो, नसला की मरतो, हे तिने पुनःपुन्हा पडताळले आणि तिचा ऊर अभिमानाने भरून आला. “पोलादी कातडीचे आहेत माझे कृमी,” ती म्हणायची. वडिलांनी तर गावभर सांगून टाकले, “आमच्या हर्षूनं पैलवान किडा शोधलाय!”

परिषद तोंडावर आली होती. हर्षदाचे भाषण ठरले होते, ‘रोगाशी झुंजणारे जनुक’ हे शीर्षकही छापून झाले होते. तिने मोठ्या उत्साहाने आपल्या प्लेट बाईंपुढे मांडल्या.

बाईंनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. शाबासकी दिली नाही, चूकही दाखवली नाही. त्यांनी एक कोरी प्लेट घेतली, तिच्यात घातक जिवाणूंचे पाणी ओतले आणि काचेच्या कांडीने ते सगळीकडे पसरवू लागल्या. अंगण सारवावे तसे, पार काठापर्यंत. बोटभरही जागा कोरी ठेवली नाही.

“बाई, हे काय करताय?” हर्षदा गोंधळली. “थेंब मधोमध टाकायचा असतो ना? सगळे तसंच करतात.”

“ठाऊक आहे. सगळ्यांना मीच शिकवलंय.”

“मग?”

“तुझे पैलवान यात सोड. शेजारी अशाच प्लेटमध्ये साधे कृमी सोड. काय होतं ते बघ.”

हर्षदा मनातून दुखावली. म्हातारपणी बाईंचा हात चळला की काय, असेही तिला वाटून गेले. तरी गुरूची आज्ञा म्हणून तिने तसे केले. आपले कृमी याही परीक्षेत उतरतील याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

पण ते उतरले नाहीत. साधे कृमी मेले आणि त्यांच्याबरोबरच तिचे पोलादी कृमीही मेले. तिने प्रयोग पुन्हा केला. नवे जिवाणू वाढवून आणखी एकदा केला. निकाल बदलेना. अखेर ती बाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

“बाई, सगळं संपलं. पुन्हा करून पाहिलं, तरी तेच. माझे कृमी मरतात.” तिचे डोळे भरून आले होते.

बाईंनी तिला बसवले, पाणी दिले आणि मधोमध थेंब टाकलेल्या तिच्याच प्लेट पुढे सरकवल्या. “आजवर तू यांत किती मेले ते पाहिलंस. आज जिवंत कुठे आहेत ते बघ.”

हर्षदाने पाहिले. साधे कृमी मधल्या जिवाणूंच्या थरात बुडून होते. तिचे कृमी मात्र कडेला, कोऱ्या जागेत फिरत होते. मध्येच एखादा आत शिरे, चार घास खाई आणि बाहेर पडे. इतकी वर्षे हे तिच्या डोळ्यांसमोर होते, पण तिच्या दृष्टीस पडले नव्हते.

बाई म्हणाल्या, “तू तालमीत वाढलीस. टिकला तो झुंजला म्हणूनच टिकला, असं तू गृहीत धरलंस. या जनुकानं त्यांना चिलखत दिलेलं नाही. विषाच्या पंगतीतून वेळेवर उठण्याची उपजत जाण दिली आहे. मी सारी प्लेट सारवली तेव्हा उठून जायला जागाच उरली नाही, म्हणून ते मेले. जनुक खरं आहे, पोरी. त्यांचं तगणंही खरं आहे. ‘पोलादी’ हा शब्द तेवढा तुझा होता.”

“तुम्हाला हे आधीच माहीत होतं?”

“शंका होती, आणि ती खोटीही ठरू शकली असती. नुसतं सांगितलं असतं, तर तू माझं ऐकलं असतंस. मला तुला कृमींचं ऐकवायचं होतं.” मग त्या उठल्या. “परिषदेत काय बोलायचं ते तू ठरव. भाषण तुझं आहे.”

संध्याकाळी तिने घरी फोन लावला. “आबा, किडा पैलवान नाही निघाला.”

“मग काय निघाला?”

हर्षदा थबकली. शब्द शोधता शोधता तिचा स्वर बदलला. “शहाणा निघाला, आबा.”

“मग तर गावाला पुन्हा सांगावं लागंल!” वडील हसले.

परिषदेत तिने छापलेले शीर्षक स्वतःच खोडले आणि सर्वांत आधी सारवलेली प्लेट पडद्यावर दाखवली. आपला समज कसा मोडला, ते न अडखळता सांगितले. पहिल्या रांगेतल्या एका नामवंत तज्ज्ञांनी विचारले, “म्हणजे तुमचे कृमी शूर नाहीत, पळपुटे आहेत म्हणायचे!” सभागृहात हशा पिकला.

“नाही, सर,” हर्षदा शांतपणे म्हणाली. “पळपुटा उपाशी मरेल. हे त्याच थरातलं अन्न खातात आणि जगतात. कुठे किती वेळ थांबायचं, यावरही एका जनुकाचा अंमल चालतो, हे आम्ही दाखवलं आहे. शौर्याचा शोध पुढे घेऊ. त्यासाठी लागणारी प्लेट आता आमच्याकडे आहे.”

हशा थांबला. नामवंत तज्ज्ञांनीच आधी टाळी वाजवली.

चहाच्या वेळी ते बाईंपाशी आले. “तुमची ही विद्यार्थिनी मोठी होणार.”

बाईंनी आजवर कोणाचे तोंडावर कौतुक केले नव्हते. त्या म्हणाल्या, “झाली आहे. स्वतःचं म्हणणं मोडणारा प्रयोग माणूस एकदाच करतो आणि तो चुकला असं म्हणून विसरून जातो. हिनं तो पुन्हा केला, मग आणखी एकदा केला, आणि मगच रडत माझ्याकडे आली.”

हर्षदा शेजारीच उभी होती. कोणी कौतुक केले की लाजून मान खाली घालायची तिची सवय. या वेळी तिने मान खाली घातली नाही.