टाकी की न्हाणी?

मिक्सर जन्मला नव्हता आणि दगडांना तोंड होतं, तेव्हाची ही गोष्ट. खोटी वाटली तर आपापल्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना विचारा.

अनसूयाकाकूंचा पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला होता. वाटायला घेतलेला लसूण त्यावरून टणाटण उड्या मारत पळायचा. पाटा म्हणे, "वय झालं आता. असंच व्हायचं."

त्याच्या अंगावर लोळणारा वरवंटा खो खो हसला. "काकू तुला न्हाणीत टाकणार आहेत. मग रोज काकांची मळकी धोतरं पाठीवर आपटून घे!"

तेवढ्यात रस्त्यावर पाथरवटीण ओरडली, "पाट्याला टाकीऽऽ!" छिन्नीने ठोकून गुळगुळीत पाटा खरबरीत करायचं तिचं काम.

पाटा थरथरला. "दुखेल रे! या वयात टाकी?"

वरवंटा म्हणाला, "अरे, नव्या पाट्याला टाकी कोण लावतं? ती याच वयाला लागते."

काकूंनी विचारलं, "काय रे, टाकी की न्हाणी?"

पाट्याला धोतरं दिसली. "टाकी!"

पहिल्या दहा ठोक्यांना तो बोंबलला, पुढच्या दहांना कण्हला, नंतर चक्क ताल धरू लागला. काकूंनी लगेच लसूण ठेवून पाहिला. जागचा हलला नाही, जिथल्या तिथे चिरडला. पाटा असा फुगला, की जणू कालच खाणीतून आलाय.

पाथरवटीण म्हणाली, "आता वरवंटा द्या. तोही गुळगुळीतच आहे."

वरवंटा एव्हाना गडगडत दारापर्यंत पोचला होता. "माझं राहू द्या हो! या वयात..."

"ये राजा, ये," पाटा म्हणाला. "नव्या वरवंट्याला टाकी कोण लावतं?"