वरवंट्याची घळ

आता सांगतो आहे ते शब्दन् शब्द खरं आहे. पदरचं एक अक्षर नाही. माझ्या पणजीने हे डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे पणजी तेव्हा जन्मली नव्हती, पण तिला ज्यांनी सांगितलं त्यांनी पाहिलं होतं. आणि त्यांनीही पाहिलं नसेल तर या घळीने पाहिलं, ती तर तुमच्यासमोर आहे. पाय जरा मागे घ्या. कडा भुसभुशीत आहे.

समोर दिसते ती मेटवाडी. आपण उभे आहोत ती कुसरवाडी. मधली फट जेमतेम पंचवीस हात. खोली विचारू नका, मी दर वेळी वेगळी सांगतो आणि अजून कुणी मोजायला उतरलेलं नाही. तळाशी एक वरवंटा पडला आहे, कुंची घातलेला. म्हणून ही वरवंट्याची घळ.

बारशाला पाळण्यात आधी वरवंटा निजवतात आणि मग बाळ, हे तुमच्याही घरी होत असेल. का, म्हणून विचारलं तर कुणी म्हणेल बाळ दगडासारखं टणक व्हावं, कुणी म्हणेल दृष्ट लागायची ती दगडाला लागावी. असेल. आमच्या दोन्ही वाड्यांचं म्हणणं असं की ही रीत या कड्यावरून निघाली आणि बाकी मुलखाने ती आमच्याकडून उचलली. त्यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

फार वर्षांपूर्वी या दोन्ही वाड्या दोर वळून पोट भरायच्या. असे सांगतात की इथे बाळाच्या अंगाला विकत आणलेली एकही वस्तू लागू देत नसत. दुपटी जुन्या धोतराची. झबलं आजीच्या चोळीच्या कापडाचं. खुळखुळा बांबूच्या कामट्यांचा, आत दोन सागरगोटे. आणि सातवा महिना लागला की घरोघर फिरून जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या मागून आणायच्या, धुऊन वाळवायच्या आणि त्यांचे पाळण्याचे दोर वळायचे. एक दोर माहेरचा, एक सासरचा.

कुसरवाडीची राही मेटवाडीत दिलेली होती. पहिलटकरीण, म्हणून बाळंतपणाला माहेरी आली. तिच्या आईचं नाव तान्हाई आणि सासूचं ठकूबाई. या दोन विहिणींचं कधी पटलं नाही. ठकूबाईने वीस हातांचा दोर वळला असं कानावर आलं की तान्हाई पंचवीस हातांचा करी, मग ठकूबाई तीस हातांचा. पाळणा आढ्याला टांगायचा होता, आभाळाला नव्हे. पण हे त्यांना सांगणार कोण?

या सगळ्यात तान्हाईची एक गोष्ट लपलेली होती. ती डावखुरी. तिचा दोर डाव्या पिळाचा व्हायचा. मेटवाडीत डावा पीळ फक्त तिरडीच्या दोराला देत, म्हणे. जिवंत माणसाच्या वस्तूला तो लागला तर अपशकुन. म्हणून तान्हाई लेकीचा दोर घराच्या मागल्या पडवीत, पाठ करून वळायची, आणि विहिणीला दोराचं टोकही दाखवायची नाही.

राहीला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. चैत्र होता, डोंगरावरचं गवत वाळून कडकडीत झालेलं. सकाळीच टेपामागे, म्हणजे त्या टेकाडापलीकडे, वणवा लागला आणि कुसरवाडीचे पुरुष तो झोडपायला गेले. मेटवाडीहून ठकूबाई सात-आठ बायकांना घेऊन आपला दोर खांद्यावर टाकून बारशाला निघाली. वाट घळीच्या डोक्यावरून, कोसभर वळसा घालून येते. अर्ध्या वाटेत त्यांना दिसलं की पुढचं सगळं गवत पेटलं आहे. त्या मागे फिरल्या आणि समोरच्या त्या कड्यावर येऊन उभ्या राहिल्या.

इकडे वाऱ्याने तोंड फिरवलं होतं. आग पुरुषांना चुकवून टेप उतरली आणि या सोंडेकडे सरकली. सोंडेवर घर एकच, तान्हाईचं. तान्हाई बाळंतिणीसाठी सुंठ वाटत होती. ती उठली ती हातातला वरवंटा तसाच घेऊन पळाली. घरात तांब्याची घागर होती, धान्य होतं, आणि बाईने वाचवला काय तर वरवंटा. राहीने बारशासाठी सजवलेला बांबूचा पाळणाच बाळासकट उचलला. आईचा दोर त्याच्या कडीला बांधून तयार होता, तो मागून फरफटत आला. दोघी या इथे येऊन थांबल्या. पुढे घळ, मागे आग.

आता गवताची आग कशी असते, ते ऐका. तिचा पट्टा पातळ असतो. डोकं-तोंड गुंडाळून मोठं माणूस डोळे मिटून त्यातून पळालं तर पलीकडच्या जळून गेलेल्या काळ्या जमिनीवर जाऊन पडतं. होरपळतं, पण जगण्याची आशा असते. बारा दिवसांच्या बाळाला ती नसते. जाळ पोचायच्या आधी धूरच त्याला संपवतो. तेव्हा बाळाने या फटीवरून पलीकडे जायचं, दुसरा मार्ग नव्हता. आणि राही बाळाला सोडून एक पाऊल हलणार नव्हती.

ठकूबाईने आपल्या दोराला दगड बांधला, गरगर फिरवला आणि फेकला. दोनदा तो घळीत गेला. तिसऱ्यांदा तान्हाईने तो धरला आणि पाळण्याच्या कडीला बांधला. म्हणजे पाळण्याला आता दोन दोर झाले. पुढच्याने मेटवाडीच्या बायका ओढणार. मागचा तान्हाईने ताणून धरायचा आणि हळूहळू सोडायचा, नाहीतर पाळणा समोरच्या कड्यावर आदळून फुटला असता.

राहीने बाळाला शेवटचं छातीशी धरलं. तेव्हा तान्हाई म्हणाली, आधी हा घालू. आणि तिने बाळाच्या डोक्यावरची कुंची काढून वरवंट्याला बांधली आणि तो पाळण्यात निजवला. का, ते तिने सांगितलं नाही. वेळ नव्हता आणि धूर डोळ्यांत जात होता. समोरून ठकूबाई ओरडली की म्हातारीला खेळ सुचतात, आग बघा कुठं आली ती. तान्हाईने पाळणा कड्यावरून सोडला.

पाच हात गेला, दहा हात गेला. मग तो फिरू लागला. आधी सावकाश, एखादं मूल मान वळवून बघतं तसा, मग भराभर. दोन्ही दोर एका हाताचे असते तर एकाच्या ओढीने दुसऱ्याला आवरलं असतं. इथे एक उजवा, एक डावा. दोघांनी मिळून पाळणा एकाच अंगाला फिरवला आणि तो फिरेल तसा दोघांचाही पीळ सुटत गेला. ठकूबाईच्या दोराचे पदर उलगडले, गाठ ढिली पडली, पाळणा उलटा झाला आणि वरवंटा कुंचीसकट खाली गेला. आपटल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला, असे सांगतात.

पाळणा तान्हाईच्या दोराला लोंबकळत राहिला. तिने तो वर ओढून घेतला. राही आईकडे बघत होती. लहानपणी दोर वळायला ती या बाईकडे शिकली होती आणि लग्नानंतर सासूकडे. तिला दोन्ही हात ठाऊक होते. ती एवढंच म्हणाली, "आये, तुला म्हाईत होतं."

तान्हाई कड्याच्या टोकावर गेली आणि पलीकडे हाक दिली. "इहीनबाई, माझा दोर डाव्या हाताचा हाय."

समोरच्या सात-आठ बाया कड्यापासून एक पाऊल मागे सरल्या. तिरडीच्या पिळाचा दोर पाळण्याला, तोही त्यांच्या पोरीच्या. इकडे तान्हाईने खाली बसकण मारून आपला दोर उकलायला घेतला होता. उजवा पीळ द्यायला ती धडपडत होती आणि साठ वर्षांची डावी बोटं ऐकत नव्हती. वळायची आणि सुटायचं. वळायची आणि सुटायचं. मागे करवंदीच्या जाळ्या तडतडू लागल्या होत्या.

ठकूबाई म्हणाली, "तुमच्यानं न्हाई व्हायचं ते. तुमचा हाय तसा ऱ्हाऊ द्या. मी माझा फिरवते."

तिने दोराचं एक टोक आपल्या जावेच्या कमरेला बांधलं आणि तीस हात दोर उकलला. दोन बायांनी एकेक पदर धरला, बाकीच्यांनी गुंता सोडवत न्यायचा, आणि ठकूबाईने आयुष्यात पहिल्यांदा डावा पीळ घातला. तिचे हात चुकत होते. चुकला की ती थांबायची, उलट मोजायची आणि पुन्हा घालायची. एक बाई म्हणे रडू लागली की असल्या दोरात पोर घालू नये. ठकूबाईने मान वर न करता तिला सांगितलं की रडायचं तर रड, पण पदर ताण.

किती वेळ लागला ते कुणी नीट सांगत नाही. दोर आला तेव्हा राहीच्या पाठीवरचं लुगडं तापलं होतं, आणि बाळ रडायचं थांबून खोकत होतं. या वेळी दोर पहिल्या फेकीला आला. तान्हाईने आपला उकललेला दोर तोवर पुन्हा डावा वळून घेतला होता. तिने गाठ मारली, राहीने बाळाला पाळण्यात आपल्या पोटाला बांधलेल्या पट्ट्याने आवळून बांधलं. पाळणा निघाला. मधोमध तो एकदा थरथरला आणि अर्धा वळला. तान्हाईने डोळे मिटून घेतले. राहीने नाही. पाळणा तिथेच थांबला, जसा होता तसा परत झाला आणि सरळ गेला. पलीकडे ठकूबाईने नात उचलली, तिच्या तोंडावर तोंड ठेवून बघितलं आणि हात वर केला.

मग इकडच्या दोघींनी डोक्यावरून लुगडी घेतली, एकमेकींचा हात धरला आणि आगीकडे तोंड करून पळाल्या. राहीचे केस गेले, पाय भाजले. तान्हाई काळ्या जमिनीवर चार पावलं चालली, बसली आणि पाणी मागितलं. पंधरा दिवसांनी बारसं झालं. पोरीचं नाव ठकूबाईने स्वतः ठेवलं, तान्हाई.

आजही आमच्या दोन्ही वाड्यांत सातव्या महिन्यात घरोघरच्या लुगड्यांच्या पट्ट्या गोळा होतात. आता साड्यांच्या होतात, एखादी नायलॉनचीही येते. दोन्ही विहिणी एका अंगणात समोरासमोर बसून दोर वळतात आणि दोन्ही दोर डावे. आजही कुंच्या दोन शिवतात, पहिली वरवंट्याची. तो पाळण्यात निजवायचा, सासूने स्वतः ओढून झोका द्यायचा आणि पाळणा फिरत नाही असं बघूनच बाळ घालायचं.

ही गोष्ट मी इथे उभं राहून वीस वर्षं सांगतो आहे. गेल्या पौषात तुमच्यासारखीच माणसं आली होती, त्यांतल्या एका बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "आजी जिवंत असताना तिचं नाव नातीला ठेवतात का हो तुमच्याकडे?"

नाही ठेवत. कुठेच ठेवत नाहीत.

तेव्हा सांगून टाकतो. दोराचं खरं, वरवंट्याचं खरं, ठकूबाईचं खरं. राही बाहेर आली, एकटी. म्हातारी काळ्या जमिनीवर चार पावलं चालली आणि तिने पाणी मागितलं, तेवढं माझं आहे. माझी बायको पहिल्या खेपेला दिवसांत होती तेव्हा तिने ही गोष्ट ऐकायचा हट्ट धरला. तिला आई नव्हती. मी सांगत सांगत आगीपर्यंत आलो, ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी म्हातारीला बाहेर काढली.