धुरपदाची खारी पट्टी

फार वर्षं झाली. किती, ते सांगणारी माणसं मातीला मिळाली आणि त्या मातीच्याही भिंती झाल्या, इतकी वर्षं. तेव्हा निंबखोरी गावात धुरपदा नावाची एक बाई राहायची. देवी नव्हती, साध्वी नव्हती. तिला भाकरी थापता यायची आणि तोंडावर बोलता यायचं, एवढंच. पण तिची गोष्ट सांगायची तर आधी गावची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

निंबखोरीत चुलीमागच्या भिंतीवर पट्टी काढायचे. चांगली वीतभर रुंद, गेरूची नि चुन्याची, वर फुलं आणि खाली कमानी. ज्या भिंतीला पट्टी, ते घर. पट्टी नसली, तर मग आत माणूस राहो की महादेव राहो, तो गोठा. आणि गोठ्यात भाऊबंदांनी गुरं आणून बांधली तर नाही म्हणायची सोय नव्हती. पाडव्याला, दिवस डोक्यावर यायच्या आत, गावचा पाटील नव्या चुली बघत फिरायचा आणि घर की गोठा ते सांगून मोकळा व्हायचा. ही रीत पुरुषांनीच घातली असणार. ज्याला जन्मात कधी भिंत सारवावी लागली नाही, त्यालाच असलं काही सुचतं.

धुरपदाचा नवरा तापानं गेला. पोटी मूल नव्हतं. तेराव्याचं जेवण पचतं न पचतं तोच थोरल्या दिरानं, कोंडिबानं, वाटण्या केल्या. धुरपदाला आली मागच्या अंगाची गुरांची पडवी, एक तवा, दोन मडकी आणि मिठाचं एक गाडगं. त्यातलं खडेमीठ जुनं होऊन पाणी सोडायला लागलं होतं, म्हणून थोरल्या जावेनं, भामाक्कानं, ते मोठ्या मनानं देऊन टाकलं.

पडवीत धुरपदानं चूल मांडली. पाडवा आठ दिवसांवर होता आणि कोंडिबानं नवी बैलजोडी आणली होती. ती बांधायला त्याला तीच पडवी हवी होती. पट्टी निघाली नाही, तर पडवी बैलांची आणि धुरपदा वाटेवर. माहेरी जाईल म्हणावं, तर माहेरी दार उघडायलाही कुणी उरलं नव्हतं.

भामाक्का दारात येऊन म्हणाली, "काय गं धुरपदे, गेरू कुठनं आणशील? चुना कुठनं आणशील? तुझ्या पदराला तर फुटका ढब्बू न्हाई."

धुरपदा म्हणाली, "माती देवानं फुकट ठिवलीया, भामाक्का. तेवढी तुमच्या वाटणीत यायची राहिली."

असं म्हणतात, त्यानंतर धुरपदा चार दिवस गावभर खाली बघत हिंडली. एखाद्याचं काही पडलं असावं तशी. कुणी विचारलं, "काय हरवलंय गं?" तर म्हणायची, "घर." आणि पुढं जायची.

जुन्या पांढरीच्या, उठून गेलेल्या गावाच्या टेकाडावरून तिनं पांढरी माती आणली. कुंभाराच्या भट्टीमागं फुटक्या मडक्यांचा ढीग असतो, तिथली खापरं आणून पाट्यावर वाटली, तो तिचा गेरू. तव्याच्या बुडाची काजळी खरवडली, तो काळा रंग. फुलांसाठी तिनं मळ्यात बियाण्याला राखलेली जून भेंडी मागून आणली. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल हातात येतं. रंगात बुडवायचं, भिंतीवर टेकवायचं. रोज भाजी चिरणाऱ्या शंभर बायकांनी ते फूल बघितलं होतं, पण त्याला भिंतीवर नेणारी ही पहिली.

राहिल्या कमानी. त्यासाठी तिनं पदराची गाठ सोडली. आत हिरव्या बांगडीचा अर्धा तुकडा होता. नवरा गेला त्या दिवशी बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, त्यातला. ओल्या मातीत तो तुकडा दाबला की झाली कमान.

दारात आलेली भामाक्का मागं सरली. "अगं, असला तुकडा कुणी घरात ठिवतं का? अभद्र!"

"माझे हात रिकामे केलेत," धुरपदा म्हणाली, "भिंत तरी भरू द्या."

मग ती माती मळायला बसली. शेण घातलं, भुसा घातला. आणि इथं तिचा हात चुकला. वाटणीआधी वीस वर्षं त्या हातानं वीस माणसांच्या धपाट्यांचं पीठ मळलेलं. मन पाडव्यात नि हात गाडग्यात. पिठात घालायची तशी मूठ भरून मीठ तिनं मातीत घातलं, वर सवयीनं अजून अर्धी मूठ घातली, आणि तिला कळलंसुद्धा नाही. अशी चूक पाटलाच्या हातून झाली नसती. पण पाटलाच्या हातून कमानही झाली नसती.

पट्टी मात्र अशी उठून दिसली की म्हातारी माणसं काठी टेकत बघायला आली. पोरी भेंड्या घेऊन घरी पळाल्या आणि त्यांनी आईचा मार खाल्ला. एका दिवसात पट्टी खडखडीत वाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर ओली.

कुणी पाणी मारलं? छत गळालं? चैत्र लागायला आलेला, कसलं पाणी नि कसलं गळणं! धुरपदानं भिंतीलाच विचारलं, "काय गं, तुला काय झालं रडायला?" दुपारी पट्टी आपोआप वाळली. संध्याकाळी डोंगरापलीकडं वीज चमकली आणि अंगणात चार थेंब पडले. दुसरी एखादी घाबरली असती, भगताकडं गेली असती. धुरपदानं पट्टीला बोट लावलं आणि चाटलं. खारट! मग गाडग्यात हात घातला. तिथलं मीठही पाझरत होतं. ती चुलीपुढं बसून राहिली आणि कितीतरी वेळ भिंतीकडं, गाडग्याकडं आणि दाराबाहेरच्या आभाळाकडं आळीपाळीनं बघत राहिली. चूक कळली, पण भेंडी संपली होती आणि पांढरी मातीही. पुन्हा पट्टी घालायला दिवसही उरला नव्हता.

पाडवा उजाडला. दारोदार गुढ्या उभ्या राहिल्या. धुरपदानं चुलीकडं बघितलं. पट्टी नुसती ओली नव्हती, गळत होती. काजळी खाली उतरली होती, फुलांखाली लाल ओघळ लागले होते.

तेवढ्यात पाटील आला. मागं कोंडिबा, त्याच्या हातात बैलांची दावी. त्यांच्यामागं निम्मं गाव. सगळे तसेच आत शिरले. गोठ्यात शिरताना कोण विचारतं? पाटलानं पट्टीला बोट लावलं आणि धोतराला पुसलं.

"ही पट्टी न्हाई. ही ओल हाय."

"रडकी बाई, रडकी भिंत," भामाक्का म्हणाली, आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

धुरपदा म्हणाली, "पाटील, बैल मागनं बांधा. आधी खळी झाका. आज मोठं वादळ येतंय."

सगळ्यांनी बाहेर बघितलं. आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख. गावभरच्या खळ्यांवर ज्वारीच्या राशी उघड्या पडलेल्या.

"तुला कुणी सांगितलं गं?" पाटलानं विचारलं.

"मिठानं."

मग काय विचारता! गाव इतकं हसलं की बैल बिथरले. धुरपदा हलली नाही. "दिवस मावळायच्या आत आलं न्हाई, तर मी माझ्या पायानं गाव सोडते. आलं, तर ही पट्टी पट्टीच. बोला." पाटलानं हसता हसता मान हलवली.

धुरपदा तिथून निघाली ती थेट खळ्यावर. कडब्याच्या पेंढ्या उचलल्या आणि राशीवर रचायला लागली. भामाक्का धावत आली. "अगं, ही आमची रास! तुझी न्हाई!"

"ठावं हाय. पर मीच कापलीया."

भामाक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. थोड्या वेळानं तिनं पदर खोचला आणि एकेक पेंढी वर द्यायला लागली. का, ते तिनं मरेपर्यंत सांगितलं नाही. पण असं म्हणतात, तिनंही त्या सकाळी आपल्या घरच्या मिठात बोट घातलं होतं.

उन्हं कलली आणि उगवतीकडून काळंकुट्ट उठलं. गारा पडल्या. कुणी म्हणतं लिंबाएवढ्या, कुणी म्हणतं नारळाएवढ्या. नारळाएवढ्या पडत्या तर सांगायला माणूस उरला नसता, पण लिंबाएवढ्या खऱ्या. गावच्या राशी चिखलात गेल्या. निंबखोरीत एकच रास कोरडी राहिली, आणि त्या वर्षी गावानं तिच्यातच वाटून खाल्लं. कोंडिबाला द्यावंच लागलं. भामाक्का मापाशी उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील पडवीशी आला. आत शिरला नाही. उंबऱ्याबाहेर वहाणा काढल्या, पागोटं सारखं केलं आणि म्हणाला, "धुरपदाबाई, आत येऊ का?"

गोठ्याला असं कुणी विचारत नाही. कोंडिबानं ते ऐकलं, आणि पडवीच्या दारात आणून बांधलेले बैल मुकाट्यानं सोडून निंबाच्या झाडाला नेऊन बांधले.

पुढं धुरपदा पुष्कळ जगली. असं म्हणतात, पाऊस यायचा असला की तिच्या पट्टीवरची भेंडीची फुलं आदल्या दिवशीच पाकळ्या मिटायची. असं म्हणतात, शेजारच्या सात गावांची माणसं पेरणीआधी तिच्या भिंतीला हात लावून जायची. आणि ती गेली तेव्हा पट्टी तीन दिवस पाझरली, आभाळात एक ढग नव्हता. ज्याला खोटं वाटत असेल त्याला वाटू दे. भिंतीला मीठ तिनं घातलं होतं, तुम्ही नव्हे.

ती पडवी आता राहिली नाही. पण निंबखोरीत आजही पाडव्याला चुलीमागं पट्टी निघते. कुणाकडं गॅस आला, कुणाकडं चकचकीत फरशा आल्या, तरी फरशीच्या वर वीतभर जागा मातीची ठेवतात. खापराचा लाल, भेंडीचं फूल, बांगडीच्या तुकड्याची कमान, आणि मातीत मूठभर मीठ. एकटी पडून वेगळी चूल मांडलेली बाई गावात असेल, तर पहिली पट्टी तिची, आणि माती साऱ्या घरांनी द्यायची.

आणि पाटील असो, दीर असो की नवा जावई, पट्टी असलेल्या घरात कुणी तसाच शिरत नाही. उंबऱ्याबाहेर थांबून विचारतो, "आत येऊ का?"

आतली बाई लगेच उत्तर देत नाही. आधी पट्टीला बोट लावते, जिभेवर टेकवते. खारट लागलं की मग म्हणते, "या. घर आहे."