वीतभर ढोली

त्या राज्यात उजेड जमिनीखाली होता. समुद्राच्या मधोमध एक खडक होता आणि त्याच्या पोटात काळा रस साठलेला होता. तो वर काढून पेटवला तरच राज्यातली घरटी उजळत. म्हणून धडधाकट सुतारपक्ष्यांची नेमणूक त्या खडकावर होई. चौदा दिवस खडक, चौदा दिवस घर.

टोचण हा त्यांतला सर्वांत जाणता. तो पोकळ बोरूला बोरू जोडून खडकात उतरवी आणि वरच्या टोकाला कान लावून बसे. खालचा दगड मऊ की कठीण, हे त्याला बोरूच्या थरथरीवरून कळे. रस जवळ आला की खडक गुरगुरे. त्या क्षणी थांबायचं. चुकलं तर एका भडक्यात सगळे खलास. गुरगुर येईपर्यंत मात्र थांबायचं नाही. हा नियम त्याच्या हाडीमाशी खिळला होता.

घरी त्याची बायको पिवळी अंडी घालायच्या बेतात होती. ढोली पोखरायची ती नरानेच, अशी त्यांची रीत. पण वादळ उठलं, बदलीचा पक्षी आलाच नाही, आणि घरच्या चौदांतले दहा दिवस खडकानेच खाल्ले. टोचणला पिवळीची इतकी आठवण येई की बोरूच्या थरथरीतही तिचं कुरकुरणं ऐकू येई. मुकादम पाणकावळा म्हणे, "टोचणराव, घर काय पळून जातंय?" त्याचं काय जातंय बोलायला! त्याचं घरटं खडकावरच होतं.

अकराव्या दिवशी टोचण घरी पोचला. पिवळी रागावलेली होती, तरी त्याला पाहून तिला रडू फुटलं.

"अहो, वीतभरच खोल करा. जास्त नको," ती म्हणाली. "अंडी आता थांबायची नाहीत."

"वीतभर ना? हे काय, चुटकीसरशी!"

त्याने झाडाला चोच लावली. इतक्या दिवसांची सगळी माया त्या चोचीत उतरली होती. खडकापुढे लाकूड म्हणजे लोणीच. वीत झाली. टोचणने कान लावला. झाड गप्प होतं. तो पुढे गेला, पुन्हा कान लावला, पुन्हा पुढे गेला. पिवळी बाहेरून हाका मारत होती, पण कामात असताना बाहेरच्या हाका त्याला कधीच ऐकू येत नसत. शेवटी चोच हवेत गेली. झाड आरपार झालं होतं.

नवं झाड शोधायला वेळ नव्हता. अंडी त्याच संध्याकाळी आली आणि ढोलीतून भणाणा वारा वाहू लागला. तीन दिवस टोचण मागच्या भोकाला पाठ लावून बसला. पंख आखडले, पाठ गारठली. पण इतका सुखी तो आयुष्यात कधी नव्हता.

मग खडकावरून बोलावणं आलं. त्याने आपल्या छातीची पिसं उपटली, भोक गच्च बुजवलं आणि उघड्या छातीने समुद्राकडे निघून गेला.

चौदा दिवसांनी तो परतला, तेव्हा ढोलीत तीन पिल्लं होती.

"बघा रे, कोण आलंय!" पिवळी म्हणाली.

दारातला तो उघड्या छातीचा पक्षी पाहून पिल्लं दचकली, आणि मागे सरकून भोकातल्या पिसांना घट्ट बिलगली.