नियम न दिलेला ट्रान्सफॉर्मर

“नाव बदललं, पण पोरगी होती तशीच आहे. आम्ही नाही का बदललो?”

माईंचं हे बोलणं नवऱ्यासाठी, अण्णांसाठी होतं, नव्या सुनेसाठी नव्हे. पण मिरजेच्या त्या घरात स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये नुसता पडदा होता, आणि पडद्याअलीकडे तीच सून, केतकी, लॅपटॉप उघडून बसली होती.

लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने ‘वैदेही’ लिहिलं गेलं होतं. या घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेचं नाव असंच बदलत आलेलं, माईंचंही. केतकी तेव्हा काही बोलली नव्हती. नंतरही नाही.

अण्णा पडदा सारून बाहेर आले. पॉलिटेक्निकात जावा ही संगणकाची भाषा शिकवण्यात त्यांची नोकरी सरली होती. घरात मात्र ते बेताचंच बोलत.

“अडलंय?”

“नाही,” केतकी म्हणाली. मग जरा वेळाने, “… हो.”

एका आयुर्वेद कॉलेजची वनस्पतींची माहिती एक्सएमएल फाइलींमध्ये होती. तिची वेबपानं करून द्यायची होती. जावात असं रूपांतर करणाऱ्या भागाला ट्रान्सफॉर्मर म्हणतात, आणि तो तयार करून देणाऱ्या भागाला फॅक्टरी. कॉलेजचे लोक संध्याकाळी बघणार होते.

“सगळं रीतसर केलंय, अण्णा. जावाची ठरलेली पद्धत आहे तसंच. फॅक्टरीकडे ट्रान्सफॉर्मर मागितला. मूळ फाइल दिली. निकाल कुठे ठेवायचा तेही सांगितलं.”

पडद्यामागून माई म्हणाल्या, “कोपऱ्यावरचा परत उडाला का? पंखा तर चालू आहे.”

“तो नव्हे,” अण्णा म्हणाले. मग केतकीला, “काय आलं?”

“गेलं तेच आलं. अक्षरन् अक्षर. एररसुद्धा नाही.”

“आणि स्टाइलशीट? कशाचं काय करायचं, ते नियम?”

तिने कोड वर सरकवला. ट्रान्सफॉर्मर मागतानाचा कंस रिकामा होता.

“… राहिली.”

“मग बरोबर आहे.”

“बरोबर कसं? नियमच नाहीत म्हटल्यावर त्याने तक्रार करायला नको?”

“कशाला? नियम नसले की आहे तसं पुढे द्यायचं, हे त्याचं काम. ते त्याने केलं.”

“काहीच तर बदललं नाही.”

“हो.”

केतकीने रिकाम्या कंसात स्टाइलशीट भरली, प्रोग्रॅम चालवला. स्क्रीनवर अडुळशाचं पान उमटलं, मथळा, चित्र, सगळं जागच्या जागी. काम झालं होतं. डोक्यातला गुंता मात्र तसाच.

“पण अण्णा, होतं तसं बाहेर आलं, तर त्याला रूपांतर का म्हणायचं?”

अण्णा चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत राहिले …

“वैदेही,” माईंनी हाक मारली.

केतकी अडुळशाकडे बघत होती.

“वैदेही. अगं, कानात बोळे घातलेस का?”

अण्णांनी टेबलावर बोट वाजवलं. “तुला.”

“मला?” ती खरंच दचकली.

माई पडदा धरून उभ्या. “मुद्दाम करतेस?”

“नाही हो, माई.”

एवढ्यावर ती नेहमी थांबायची. आजही थांबलीच होती … मग म्हणाली, “ते नाव मला ऐकूच येत नाही. केतकी म्हणा, मी लगेच येते.”



“ऐकलंत?” माई अण्णांना म्हणाल्या.

“ऐकलं.” अण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि बायकोकडे नीट पाहिलं.

“तुला तुझं नवं नाव कधी ऐकू यायला लागलं, गं?”