गोगीचं पान

एक होती गोगलगाय. इवलीशी. तिचं नाव गोगी.

दिगूकाकांच्या अंगणात पुदिन्याची कुंडी होती. कुंडीत एक मोठ्ठं पान. पानाखाली गार गार सावली. तिथे गोगी निजायची.

एकदा सकाळी काकांना चटणीची हुक्की आली. खुड खुड खुड. पुदिना खुडला. विचारलं नाही, पुसलं नाही. त्यात गोगीचं पानही गेलं.

ऊन चढलं. गोगीची पाठ तापली. तिला रडूच आलं.

"पुदिन्या, पुदिन्या, पान दे ना. माझी पाठ भाजली."

पुदिना मान टाकून बसला होता. उरलेली पानं पार मलूल. म्हणाला, "झारी पाणी देईल, तर मी पान देईन."

सुळ्ळुक सुळ्ळुक. गोगी झारीकडे गेली.

"झारी, झारी, पाणी दे ना. पुदिना पान देईना. माझी पाठ भाजली."

झारी म्हणाली, "काका उचलतील, तर मी पाणी देईन."

सुळ्ळुक सुळ्ळुक. गोगी काकांकडे गेली. काका चटणी-भाकरी खाऊन खुर्चीत पसरले होते.

"काका, काका, उठा ना. झारी पाणी देईना. पुदिना पान देईना. माझी पाठ भाजली."

काका म्हणाले, "चहा मिळेल, तर मी उठेन." चहाशिवाय काका म्हणजे नुसतं पोतं.

सुळ्ळुक सुळ्ळुक. गोगी भिंत चढून खिडकीत गेली. आत काकूंनी चहाचं पातेलं चढवलं होतं. पाणी रटरटत होतं.

"पातेल्या, पातेल्या, चहा दे ना. काका उठेनात. झारी पाणी देईना. पुदिना पान देईना. माझी पाठ भाजली."

पातेलं म्हणालं, "गवती चहाची पात मिळेल, तर मी चहा देईन."

खिडकीतच गवती चहाची कुंडी होती. केवढ्या उंच उंच पाती. गोगीने मान वर केली.

"गवती चहाबुवा, पात देता का? पातेलं चहा देईना. काका उठेनात. झारी पाणी देईना. पुदिना पान देईना. माझी पाठ भाजली."

गोगीला वाटलं, आता हाही 'तर' म्हणणार.

पण गवती चहा म्हणाला, "सगळे मला कचाकच कापतात. देता का, असं कुणी विचारतच नाही. तू विचारलंस. घे पात. खुडलं की आम्ही आणखी फुटतो."

आणि तो वाकला. पात पडली पातेल्यात.

खदखद खदखद, चहा झाला. काकूंनी गाळला.
फुर्रर्र फुर्रर्र, काका प्यायले. उठले.
झिरझिर झिरझिर, झारीने पाणी दिलं.
गटगट गटगट, पुदिना प्यायला.

पुदिन्याने मान वर केली. पानं ताठ झाली. गोगीच्या पाठीवर सावली पडली. गार गार. गोगी शंखात शिरली आणि झोपली.

थोड्या दिवसांनी खुडल्या जागी दोन-दोन कोंब फुटले. काकांना पुन्हा चटणीची हुक्की आली. पण खुर्चीतून त्यांनी तेव्हा सगळं ऐकलं होतं. ते कुंडीपाशी वाकले.

"पुदिनाराव, पानं देता का?"

पुदिना म्हणाला, "देतो. तेवढं गोगीचं सोडून."

खुड खुड खुड. चटणी झाली. गोष्टही झाली.