बेहड्याची ढोली

तुम्ही कधी कुणाची अशी वाट पाहिली आहे का, की भाजी चिरता चिरता हात थांबावा आणि कान आपोआप बाहेर लागावेत?

फार पूर्वी डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक म्हातारी अशीच वाट पाहत असे. ती वाट होती धनेश पाखरांच्या एका जोडीची.

गावामागे देवराई होती. तिथली वाळकी काडीसुद्धा घरी आणायची नाही, असा गावाचा नेम होता. राईत एक जुना बेहडा उभा होता. शेजारच्या खडकावर चढलं की हात पोचेल, एवढ्या उंचीवर त्याच्या खोडात ढोली होती. दर फाल्गुनात धनेशाची मादी त्या ढोलीत शिरायची, आतून दार लिंपून घ्यायची आणि चोचीपुरती फट ठेवायची. नर दिवसभर उंबरं आणून तिला फटीतून भरवायचा. त्याच्या पंखांचा मोठा आवाज म्हातारीच्या अंगणापर्यंत यायचा. नवरा गेल्यापासून तिला तेवढीच सोबत होती.

एका पावसाळ्यात तिला ढोलीतून पाणी झिरपताना दिसलं.

"अगं बाई, झाडाला जखम झाली!" ती कळवळली. घरची भिंत फुटली की ती जे करायची, तेच तिने केलं. अंगणातली माती, शेण आणि भुसा एकत्र मळला आणि ढोली घट्ट बुजवून टाकली.

शेजारीण हसली. "आत्याबाई, आता राईत रांगोळीही घालून या!"

"हस बाई, हस. मी राईतून काही आणलं का? दिलंच ना?"

फाल्गुन आला. जोडी आली, झाडाभोवती घिरट्या घालून निघून गेली. पुढच्या फाल्गुनात आवाजच आला नाही. म्हातारी रोज टोपलीभर उंबरं बेहड्याखाली ठेवायची आणि रिकाम्या आभाळाकडे बघत बसायची. उंबरं मुंग्या खायच्या.

तिसऱ्या फाल्गुनात तिने फांदीवरच्या शेकरूला विचारलं, "बाबा रे, माझी पाखरं माझ्यावर का रुसली?"

"रुसतील कशाला?" शेकरू म्हणालं. "आजच पहाटे येऊन गेली. बंद ढोलीवर चोच आपटली आणि पलीकडच्या डोंगराकडे वळली. तू त्यांचं दारच बुजवलंस, आजी."

"पण झाडाची जखम..."

"जखम तुला दिसली. बेहड्याला विचारलं होतंस?"

म्हातारी आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिली. इतकी वर्षं ज्यांची वाट पाहिली, त्यांना याच हातांनी परत पाठवलं होतं.

मग ती खुरपं घेऊन खडकावर चढली. माती दगडासारखी झाली होती. खुरप्याचं पातं वाकलं, तेव्हा ती नखांनी उकरू लागली. दिवस कलताना ढोली मोकळी झाली. पडलेली माती तिने कणन् कण पदरात गोळा केली आणि घरी नेली.

मुलांनो, मोठ्यांनो, मायेने काही द्यायचं असेल, तरी ते समोरच्याला हवं आहे का, हे आधी विचारावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनेशाची जोडी पुन्हा ढोली बघायला आली; मादी आत शिरली आणि आतून दार लिंपू लागली.